बर्फावरची वही : ड्राफ्टबद्दल वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात कॅनडातल्या ज्युनियर आईस हॉकीवर लिहिलं होतं. त्यावर आलेली बहुतेक पत्रं एकाच गोष्टीबद्दल आहेत, ती म्हणजे जूनअखेरीस होणारा एनएचएलचा, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या सर्वांत मोठ्या व्यावसायिक आईस हॉकी लीगचा ड्राफ्ट. सतरा-अठरा वर्षांच्या मुलांना बत्तीस संघ पाळीपाळीने निवडतात, सात फेऱ्या होतात. कोण कितवा जाणार याची चर्चा इथे थंडी पडायच्या आधीच सुरू होते. मी मूळचा सांगलीचा, किचनरला येऊन सव्वीस वर्षं झाली. इथल्या ऑडिटोरियममध्ये गोलच्या मागे, कोपऱ्यातल्या खुर्चीवर वही घेऊन बसतो. उत्तरं त्या वहीतूनच देतो आहे.

प्रश्न : काका, आमच्या ऑफिसात दरवर्षी ड्राफ्टमधली पहिली दहा नावं ओळखायची पैज लागते. मी गुणांची यादी समोर ठेवून नावं लिहितो आणि दरवर्षी माझी यादी शेवटची येते. माझं काय चुकतं? (एक वाचक, एडमंटन)

गोल आणि असिस्ट (गोलासाठी साथीदाराला दिलेला पास) मिळून होणारे गुण तुम्ही पाहता, पण ते कुठे मिळवले आणि किती वयात मिळवले, ते यादीत दिसत नाही. २०२२ चं उदाहरण घ्या. शेन राइटने किंग्स्टनकडून ६३ सामन्यांत ९४ गुण केले होते. युराय स्लाफकोव्हस्कीने फिनलंडच्या लीगमध्ये ३१ सामन्यांत फक्त १०. मॉन्ट्रियलने पहिला निवडला स्लाफकोव्हस्की, आणि राइट चौथा गेला. कारण राइट आपल्याच वयाच्या मुलांविरुद्ध खेळत होता, तर स्लाफकोव्हस्की तिशीतल्या दाढीवाल्या पुरुषांविरुद्ध. त्याच फेब्रुवारीत बीजिंग ऑलिंपिकमध्ये त्याने सात सामन्यांत सात गोल मारले, स्लोव्हाकियाला ब्राँझ मिळालं आणि स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू तोच ठरला. मोठ्या माणसांच्या लीगमधले दहा गुण कधीकधी मुलांच्या लीगमधल्या नव्वदांना भारी पडतात, ते असे.

दुसरी गोष्ट जन्मतारीख. माझ्या वहीत नावाच्या शेजारी आधी ती असते, गुण नंतर. ड्राफ्टच्या वर्षी १५ सप्टेंबरपर्यंत ज्याला अठरा पूर्ण होतात, तो त्या वर्षीचा. आपल्याकडे शाळेच्या एकाच वर्गात जूनमध्ये जन्मलेलं मूल आणि पुढच्या मे महिन्यातलं मूल शेजारी बसतात, आणि पहिलीत त्या अकरा महिन्यांचा फरक अक्षरातही दिसतो. इथेही तसंच आहे. ऑस्टन मॅथ्यूज १७ सप्टेंबर १९९७ चा. दोन दिवसांच्या फरकाने २०१५ चा ड्राफ्ट हुकला, एक वर्ष झुरिकमध्ये मोठ्यांच्या लीगमध्ये खेळला आणि २०१६ मध्ये टोरांटोने त्याला पहिला घेतला. अलेक्झांडर ओव्हेच्किनचा वाढदिवसही १७ सप्टेंबरचाच, साल १९८५. २००३ मध्ये फ्लोरिडाच्या संघाने लीप वर्षांचे जादा दिवस मोजून तो वयात बसतो असं सांगून पाहिलं, पण ते मान्य झालं नाही. तो २००४ मध्ये वॉशिंग्टनकडे पहिला गेला.

आणि याच्या नेमकं उलट म्हणजे मॅथ्यू शेफर. त्याचा जन्म ५ सप्टेंबर २००७ चा, म्हणजे अकरा दिवस उशिरा जन्मला असता तर एक वर्ष थांबावं लागलं असतं. त्याच्या स्पर्धेतले जेम्स हेगन्स आणि पोर्टर मार्टोन २००६ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमधले, त्याच्यापेक्षा दहा महिन्यांनी मोठे. शेफर एरी ऑटर्सकडून त्या मोसमात फक्त १७ सामने खेळला, डिसेंबरमध्ये जागतिक ज्युनियर स्पर्धेत त्याचं गळ्याजवळचं हाड मोडलं, आणि तरीही जून २०२५ मध्ये न्यूयॉर्क आयलंडर्सनी त्याला पहिला निवडला. २०२४ च्या शरदात माझ्या वहीत पहिलं नाव हेगन्सचं होतं. तो सातवा गेला. त्या पानावर शेफरच्या जन्मतारखेखाली मीच रेघ मारली होती, पण तिचं वजन मला पुरेसं कळलं नव्हतं. तेव्हापासून मी तारीख आधी वाचतो.

तिसरी गोष्ट कुठल्याच यादीत छापत नाहीत, ती रिंकवर जाऊनच बघावी लागते. गेल्या हिवाळ्यात माझ्या कोपऱ्यात पक, म्हणजे खेळातली रबरी चकती, आला आणि त्याच्यामागे एक बचावपटू. नाव लिहीत नाही, तो अजून सतराचाच आहे. पकपर्यंत पोचायला त्याला तीनेक सेकंद लागली असतील. तेवढ्यात त्याने आधी उजव्या खांद्यावरून मागे पाहिलं, मग डाव्या, आणि काठी टेकवायच्या क्षणी पुन्हा उजव्या. मागून येणाऱ्या आडदांड फॉरवर्डला वाटलं याला फळीवर चेपू. पण पोराने पककडे न बघताच तो गोलच्या मागून पलीकडच्या साथीदाराला सरकवला आणि स्वतः अर्धं पाऊल बाजूला झाला. स्केटखालचा बर्फाचा भुगा काचेवर उडाला, धडक फळीला बसली. प्रेक्षकांतून टाळी नाही, गुणांच्या रकान्यात काही नाही. माझ्या वहीत मात्र तीन उभ्या रेघा पडल्या. मान वळवून पाहिलं की एक रेघ, चार झाल्या की पाचवी आडवी. वरच्या लीगमध्ये पक मिळाल्यावर विचार करायला वेळच मिळत नाही, तो आधीच करून ठेवावा लागतो. ज्या मुलाच्या नावापुढे रेघा भरपूर, त्याचे गुण कमी असले तरी मी त्याला यादीत वर ठेवतो.

तुमच्या पैजेसाठी एवढं करा : गुणांची यादी घ्या, प्रत्येकासमोर जन्मतारीख आणि लीग लिहा. मग त्यातला प्रत्येक जण निदान तीन सामन्यांत पाहा, आणि त्या वेळात पक विसरून फक्त त्याच्याकडे पाहा.

प्रश्न : जो संघ तळाला असतो त्यालाच पहिली निवड मिळते ना? मग लॉटरी कशाला? (एक विद्यार्थी, कोल्हापूर)

तसं ठेवलं तर संघ मुद्दाम हरतील, म्हणून लॉटरी, म्हणजे पहिल्या निवडींसाठीची सोडत. बाद फेरीत न पोचलेले सोळा संघ तिच्यात असतात. सध्याच्या नियमात तळाच्या संघाला पहिला नंबर लागण्याची शक्यता २५.५ टक्के, म्हणजे साधारण चारात एक. पण तो तिसऱ्याच्या खाली घसरत नाही. सोडत जिंकणारा संघ फार तर दहा जागा वर चढतो.

२०१५ मध्ये सगळ्यांना कॉनर मॅकडेव्हिड हवा होता. तो एरीकडून किचनरला खेळायला यायचा तेव्हा आमचा संघ हरणार हे ठाऊक असूनही आम्ही तिकिटं काढायचो. तळाला बफेलो होता, शक्यता २० टक्के. सोडत लागली ११.५ टक्केवाल्या एडमंटनला, ज्यांना २०१०, २०११ आणि २०१२ या तिन्ही वर्षी पहिली निवड मिळाली होती. बफेलोला दुसऱ्या क्रमांकावर जॅक आयकल मिळाला. २०२५ मध्ये आयलंडर्स तळापासून दहाव्या जागेवर होते, शक्यता फक्त ३.५ टक्के, आणि तेच पहिले आले.

म्हणून लॉटरी लागेपर्यंत मी मुलांचा क्रम लावतो, संघांची नावं लिहीत नाही. लॉटरीनंतर मात्र संघाकडे पाहावंच लागतं. आयलंडर्सनी ड्राफ्टच्याच दिवशी नोआ डॉब्सन हा आपला मुख्य बचावपटू मॉन्ट्रियलला दिला आणि संध्याकाळी शेफर हा बचावपटूच घेतला.

प्रश्न : सेंट्रल स्काउटिंगच्या यादीत जो पहिला, तोच पहिला का जात नाही? (एक वाचक, पुणे)

सेंट्रल स्काउटिंग म्हणजे मुलांचा खेळ पाहून क्रम लावणारा एनएचएलचाच विभाग. पण त्यांची यादी एक नाही, चार आहेत. उत्तर अमेरिकेतले स्केटर (गोलरक्षक सोडून बाकीचे खेळाडू), बाहेरचे स्केटर, आणि दोन्हीकडचे गोलरक्षक वेगळे. २०२२ मध्ये राइट एका यादीत पहिला होता आणि स्लाफकोव्हस्की दुसऱ्या. चार याद्या एकत्र गुंफायचं काम प्रत्येक संघ आपापल्या परीने करतो.

शिवाय ती यादी स्काउट लोकांचं मत असते, संघाचं नव्हे. २०१३ मध्ये यादीत पहिला सेथ जोन्स होता. कोलोराडोने नेथन मॅकिनन घेतला आणि जोन्स चौथा, नॅशव्हिलला गेला. मॅकिनन आज काय आहे ते तुम्ही रात्री जागून पाहताच.

आणि कधी कारण खेळात नसतंच. २०२३ मध्ये कॉनर बेडार्ड पहिला जाणार यात कुणालाच शंका नव्हती, ५७ सामन्यांत ७१ गोल आणि १४३ गुण होते त्याचे. त्याच वर्षी मॅटवे मिचकोव्ह कौशल्यात पहिल्या तिघांत मोजला जायचा, पण रशियातल्या क्लबशी त्याचा करार २०२६ पर्यंतचा. वाट पाहायची तयारी नसलेल्या संघांनी त्याला सोडलं, सातव्या क्रमांकावर फिलाडेल्फियाने घेतला. तो २०२४ मध्येच अमेरिकेत आला. अंदाज बांधताना करार कधी संपतो ही तारीखही जन्मतारखेच्या शेजारी लिहून ठेवत जा.

प्रश्न : माझा मुलगा पंधरा वर्षांचा आहे. प्रशिक्षक म्हणतात, त्याला पुल-अप्स जमत नाहीत, असा मुलगा वर जात नाही. तो रात्री जेवत नाही हो. (एक आई, मिसिसागा)

ताई, आधी त्याला जेवू घाला आणि ही गोष्ट सांगा. २०१४ मध्ये ड्राफ्टच्या आधीच्या चाचणीत सॅम बेनेटला एकही पुल-अप काढता आला नाही. एकही नाही. सेंट्रल स्काउटिंगच्या उत्तर अमेरिकन यादीत तो तेव्हा पहिला होता. आठवडाभर त्याच्यावर चर्चा झाली, काही लोकांनी फार वाईट लिहिलं. तरीही जूनअखेरीस कॅलगरीने त्याला चौथा निवडला. २०२५ मध्ये फ्लोरिडाने स्टॅनले कप, म्हणजे एनएचएलचं विजेतेपद, जिंकला तेव्हा बाद फेरीतला सर्वोत्तम खेळाडू म्हणून कॉन स्माइथ ट्रॉफी त्यालाच मिळाली.

त्या चाचणीत बेंच प्रेस, पकड, उडी, सायकलवर दम निघेपर्यंत जोर, सगळं असतं. बर्फ मात्र नसतो, स्केटिंग कुणी तपासत नाही. संघांना तिथे जास्त गरज असते ती मुलाखतींची, मुलगा समोर बसून कसा बोलतो ते पाहण्याची. पंधराव्या वर्षी हाडं वाढत असतात, ताकद मागून येते. प्रशिक्षकांशी तुम्ही स्वतः बोला. मुलासमोर नको.

प्रश्न : गोलरक्षक पहिल्या पाचात का दिसत नाहीत? (एक वाचक, ठाणे)

कारण ते उशिरा पिकतात. पहिल्या क्रमांकावर गेलेला शेवटचा गोलरक्षक मार्क-आंद्रे फ्लेरी, २००३ मध्ये. हेन्रिक लुंडक्विस्ट २००० मध्ये २०५ वा गेला होता. कॉनर हेलेबक २०१२ मध्ये १३० वा, आणि २०२५ ची हार्ट ट्रॉफी, म्हणजे अख्ख्या लीगचा सर्वोत्तम खेळाडू, तोच. पैजेत पहिल्या दहात गोलरक्षक लिहू नका.

प्रश्न : आमच्या मुलाचा जन्म ऑगस्टमधला. गेल्या ड्राफ्टला सातही फेऱ्या आम्ही घरात सगळे टीव्हीसमोर बसून होतो. नाव आलं नाही. त्याने स्केट तळघरात ठेवून दिलेत. आता पुढे काय? (एक बाबा, सरी, ब्रिटिश कोलंबिया)

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. ऑगस्ट म्हणजे तो त्या ड्राफ्टमधल्या सर्वांत लहान मुलांपैकी. वर सांगितलेला अकरा महिन्यांचा फरक त्याच्या विरुद्ध गेला असणार. इथल्या मुलांना एकोणीस आणि वीसच्या वर्षीही निवडता येतं, त्यामुळे त्याचे अजून दोन ड्राफ्ट बाकी आहेत. शिवाय २०२५ च्या शरदापासून कॅनडातल्या मेजर ज्युनियरमध्ये, म्हणजे ज्युनियरच्या सर्वांत वरच्या पातळीवर, खेळलेल्यांना अमेरिकन विद्यापीठांच्या संघांतही जाता येतं. आधी ती वाट बंद होती. म्हणजे बाविशी-तेविशीपर्यंत चांगल्या दर्जाचं हॉकी आणि सोबत पदवी.

आणि तुमच्याच गावचा अर्शदीप बेन्स त्याला माहीत असेल. त्यालाही कुठल्याच फेरीत कुणी घेतलं नाही. २०२१-२२ मध्ये रेड डीअरकडून त्याने ११२ गुण केले आणि वेस्टर्न हॉकी लीगमध्ये सर्वाधिक गुण मिळवणारा तो दक्षिण आशियाई वंशाचा पहिला खेळाडू ठरला. व्हॅन्कुव्हरने त्याच्याशी थेट करार केला. फेब्रुवारी २०२४ मध्ये तो एनएचएलचा पहिला सामना खेळला.

मुलाला लगेच काही समजावू नका. ऑगस्टअखेर ज्युनियर संघांची शिबिरं सुरू होतात, त्याच्या आधी स्केटना धार लावून आणा आणि दारात ठेवा. तो गेला, तर त्याच्या पहिल्या तीन सामन्यांत तुम्ही कोपऱ्यात बसा, त्याने किती वेळा मान वळवून मागे पाहिलं ते मोजा आणि मला कळवा. तुम्ही पाठवलेल्या रेघा मी माझ्या वहीत त्याच्या नावासमोर लिहून घेईन.