रोटोकासमध्ये ‘म’ आणि ‘न’ आहेत की नाहीत?

प्रश्न असा आहे: रोटोकास भाषेत ११च ध्वनी, त्यात म-न नाहीतच, असं वाचायला मिळतं. मग तिच्याच आइता बोलीत ते कसे? शेजारच्या भाषेतून आले का?

नाही. आइतात ते मूळचेच आहेत, गेले ते मध्यवर्ती बोलीतून.

आधी ११चा हिशेब. पापुआ न्यू गिनीतल्या बूगनव्हिल बेटावर बोलल्या जाणाऱ्या मध्यवर्ती रोटोकासमध्ये ५ स्वर आणि प, त, क, व, र, ग ही ६ व्यंजनं. हे स्वनिम (अर्थात फरक पाडणारे ध्वनी) आहेत, कानावर पडणारे उच्चार त्याहून जास्त. ‘व’ऐवजी ब, ‘र’ऐवजी ल किंवा द म्हटलं तरी अर्थ बदलत नाही. लिहिताना अक्षरं मात्र १२ लागतात, कारण ‘इ’आधी त चा स होतो आणि तो वेगळा लिहितात. ‘ओसिरेइतोआरेइ आवुकावा इआवा उरुरुपाविरा तोउपासिवेइरा’ (म्हातारीचे डोळे मिटलेले आहेत) यात पाहा: स दोनदा, दोन्ही वेळा ‘सि’, त दोनदा, दोन्ही वेळा ‘तो’.

अनुनासिकांबद्दल रोटोकासचे अभ्यासक फर्चो दांपत्य यांनी १९६९ साली गमतीदार नोंद केली आहे. परक्या माणसाच्या रोटोकासची नक्कल करताना हे लोक म-न वापरतात, मग त्या परक्याने ते उच्चारले असोत वा नसोत!

आइतात व्यंजनं ९: प-त-क, ब-द-ग आणि म-न-ङ. भाषाशास्त्रज्ञ स्टुअर्ट रॉबिन्सन यांनी २००६ साली दाखवलं, की मध्यवर्ती बोलीतल्या ‘व’च्या जागी तिथे ब कुठे आणि म कुठे हे आजूबाजूच्या ध्वनींवरून ठरवता येत नाही. ब फुटून म झाला असता, तर कुठे फुटला याचा नियम सापडायला हवा होता. तो सापडत नाही, म्हणजे भेद जुना. आपल्याकडे ज्या बोलींत ण चा न होतो, तिथे ‘कोण’ आणि ‘कोन’ सारखेच ऐकू येतात. प्रमाण मराठीवरून ती बोली नियमाने काढता येते, पण फक्त त्या बोलीवरून ण कुठे होता हे कुणालाच सांगता येणार नाही. आइता आणि मध्यवर्ती रोटोकासचं नातं नेमकं हेच.

आणखी एक. ‘पापुअन कुळातली भाषा’ असं लिहू नये. पापुअन हे कुळ नव्हेच. त्या टापूतल्या ज्या भाषा ऑस्ट्रोनेशियन (मलय, माओरी वगैरेंच्या कुळातल्या) नाहीत आणि ऑस्ट्रेलियातल्याही नाहीत, त्यांचं ते गाठोडं. रोटोकासचं कुळ उत्तर बूगनव्हिल. बेटाच्या दक्षिणेकडच्या नासिओई, बुइन यांचं वेगळं. आणि ११ हा आकडा देताना ‘मध्यवर्ती’ हा शब्द गाळू नये.