रायगडी पोचलीस, आता दोन दिवस थांब

प्रिय पोरी,

तुझा निरोप काल रात्री वाचला. सिंहगडाच्या कल्याण दरवाज्यातून निघालीस, राजगड-तोरणा करत मोहरी गाव गाठलंस, सिंगापूर नाळेनं, म्हणजे कड्यातल्या त्या अरुंद घळीनं, कोकणात उतरलीस आणि रायगडाच्या महादरवाज्यातून एकटी आत गेलीस. मनापासून आनंद झाला. पाणी संपू दिलं नाहीस आणि रोज अंधार पडायच्या आत वाडी गाठलीस, हे मला त्या गडांपेक्षा मोठं वाटतं. एकट्यानं चालताना खरी परीक्षा तिथेच असते.

पण निरोपाच्या शेवटी लिहिलं आहेस, की गडावर पोचल्यावर काहीच वाटलं नाही, नुसतं रिकामं झालं. आणि सुट्टी अजून शिल्लक आहे तर लगेच लिंगाण्याचा सुळका करून टाकू का?

रिकामं वाटणं साहजिक आहे, त्याला घाबरू नकोस. इतके दिवस डोक्यात एकच काम होतं: पुढचं पाणी कुठे, पुढची वाडी किती लांब, ऊन किती उरलंय. ते काम एका क्षणात संपलं. बरेच जण इथे पहिली एसटी पकडून घरी जातात, आठवडाभर घरात घुम्यासारखे बसतात आणि मग याहून मोठी, याहून अवघड वाट शोधायला लागतात. तू तसं करू नकोस. आणि लिंगाणा तर आत्ता नकोच.

लिंगाण्याला दोर लागतो, कातळावर चढायचं तंत्र लागतं, वर आणि खाली भरवशाची माणसं लागतात. तुझ्याकडे दम आहे, पण तो सुळका दमानं चढायचा नव्हे. त्यातून तुझे पाय आत्ता तुझ्या ताब्यात नाहीत, भले तुला तसं वाटत असो. तोरण्याच्या बुधला माचीची उतरण, मग ती अख्खी नाळ, वर रायगडाच्या हजाराहून जास्त पायऱ्या चढून पुन्हा खाली. उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच जोर लावत असतात, म्हणून चढापेक्षा उतारानं ते जास्त दुखावतात आणि ते दुखणं लगेच कळत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पायरी उतरताना गुडघा अचानक सैल पडतो तो यामुळे. कड्यावर तो सैल पडायला नको.

तेव्हा उद्या काही करू नकोस. गडाच्या पायथ्याशी, पाचाडला राहा. बूट काढून पाय उन्हात ठेव, फोड आले असतील तर स्वच्छ धुऊन कोरडे ठेव, अंगठ्याचं नख काळं पडलंय का बघ. ज्या घरी उतरली आहेस तिथे गरम भात-आमटी पोटभर खा. संध्याकाळी जिजाऊंच्या समाधीपाशी जाऊन बस. राज्याभिषेक 6 जून 1674 चा, आणि जिजाऊ गेल्या त्या त्याच महिन्यात, 17 जूनला, इथे पाचाडात. वर ज्या सदरेवर तू काल उभी होतीस तिथला सोहळा आणि खालची ही समाधी यांच्यात फक्त अकरा दिवस आहेत. खाली उतरून इथे थांबल्याशिवाय वरचा गड पुरता कळत नाही असं मला नेहमी वाटत आलं आहे.

परवा मात्र रायगडाची प्रदक्षिणा कर. गडावर नाही जायचं, गडाभोवती फिरायचं. सॅक घरी ठेव. पाणी, भाकरी, टॉर्च आणि एक लांब बाह्यांचा शर्ट एवढंच बरोबर. सकाळी लवकर निघालीस तर रमतगमत दिवस जातो. टकमक टोक तू वरून पाहिलंस, तिथे सगळे वरूनच पाहतात आणि फोटो काढतात. त्याच्या पायथ्याशी उभं राहून मान वर कर, मग कळेल की या गडाला तटबंदी इतकी थोडी का लागली. पुढे रान दाट होतं, भवानी टोकाचा कडा डोक्यावर येतो आणि काही वेळ गड दिसतच नाही, नुसती त्याची सावली अंगावर असते. वाघ दरवाज्याची बाजू खालून बघ. 1689 मध्ये वेढा पडत असताना राजाराम महाराज त्या दरवाज्यानं बाहेर पडले असं सांगतात. वर उभं राहिलं की ती गोष्ट ऐकायला सोपी वाटते, खालून बघितली की अंगावर काटा येतो.

या फेरीला एकटी जाऊ नकोस. एवढी मोठी चाल एकटीनं केल्यावर हे ऐकायला जड जाईल, पण यात तुझ्या धैर्याचा प्रश्न नाही. लांबच्या चालीत तू पुढची खूण शोधत होतीस. आता वाट वाचायला शिकायचं आहे, आणि ते शिकवणारं माणूस रायगडवाडीत मिळेल. गुरं राखलेला, लाकडं-मध आणायला रानात हिंडलेला कुणी मामा किंवा एखादी मावशी. रोजाची मजुरी आधीच ठरव, घासाघीस करू नकोस, जेवण बरोबर बसून कर. आणि सगळा वेळ त्याच्या पाठीमागून चालू नकोस. अर्ध्या वाटेनंतर म्हण, मामा, आता मी पुढे होते, चुकले की सांगा.

तेव्हा तुला दिसायला लागेल. ढोरवाट आणि माणसांची वाट सुरुवातीला सारखीच दिसते. ढोरवाट थोडी पुढे गेली की फाटत जाते, तिला पाच तोंडं फुटतात आणि चाऱ्याच्या जागी ती विरून जाते. माणसांची वाट चढ सांभाळत जाते, उगाच उतरून पुन्हा चढत नाही आणि तिचा रोख खिंडीकडे किंवा पाण्याकडे असतो. कारवीच्या झुडपांत शिरल्यावर काठ्या कुठे कोयत्यानं तिरक्या तोडल्यात ते बघ: जुना घाव काळा पडलेला असतो, यंदाचा पांढरट. कातळाच्या टप्प्यावर जिथे पिढ्यान् पिढ्या पावलं पडली आहेत तिथला दगड झिजून गुळगुळीत झालेला असतो, भोवतालचा खरखरीत. बोट फिरवून बघ, डोळ्यांआधी बोटांना कळतं.

फोनमधली ट्रॅकची फाइल तुला मोहरीपर्यंत उत्तम उपयोगी पडली असेल. पठारावर, धारेवर पडतेच. पण नाळेत तुझ्या लक्षात आलं असेल की बाण मधूनच कड्यावर उडी मारतो. दोन्ही बाजूंच्या भिंतींमुळे उपग्रहांचे संदेश नीट पोचत नाहीत, काही भिंतींवर आपटून येतात. सिंगापूर नाळेत त्यानं फारसं बिघडत नाही. बोराट्याच्या नाळेत बिघडतं, कारण मध्यावर नाळ सोडून लिंगाण्याच्या खिंडीकडे आडवं जायचं असतं आणि तो फाटा चुकला तर खाली अडकायला होतं. ती वाट पुढच्या हिवाळ्यात, जाणत्या माणसांबरोबर. पावसाळ्यात कुठलीच नाळ नको. ती मुळात पाण्याची वाट आहे, वरून पाणी आलं की धोंडेही येतात.

मधमाश्यांचं सांगायला हवं. कड्यांना आग्या मोहोळ असतं. अत्तर, वासाचं तेल लावून जाऊ नकोस, कड्याखाली विडी-काडी कुणाला ओढू देऊ नकोस, आरडाओरडा नको. आणि सकाळी बूट झटकूनच पायात घाल. या पट्ट्यात लाल विंचू आहे. त्याच्या दंशानं पूर्वी माणसं, विशेषतः लहान मुलं, दगावायची. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध वापरून ते मृत्यू कमी करून दाखवले, आणि इथल्या आडगावात केलेलं ते काम जगभर वाचलं गेलं. दंश झालाच तर झाडपाला करत बसायचं नाही, 108 ला फोन करून दवाखाना गाठायचा. साप चावला तरी तेच.

प्रदक्षिणेनंतर पाय बरे असतील तर एक दिवस महाडला दे. तुला हे ट्रेक वाटणार नाही, पण तू ज्या नाळेनं उतरलीस तिचा अर्थ महाडात लागतो. देशावरून धान्य उतरायचं, कोकणातून मीठ-मासळी चढायची, आणि सावित्री नदीच्या खाडीतून गलबतं यायची. गावाजवळच्या डोंगरात गांधारपाले लेणी आहेत, बौद्ध लेणी, थोडासाच चढ. व्हरांड्यात बसलीस की खाली नदी आणि सपाट शेतं दिसतात, आणि ही वर्दळ किती जुनी आहे ते ध्यानात येतं. तिथून चवदार तळ्यावर जा. 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्याबरोबरची हजारो माणसं त्या पाण्यापर्यंत चालत गेली. पाणी कुठे मिळेल याचा हिशेब करत तू इतके दिवस चाललीस. गावात पाणी असून ते पिऊ दिलं जात नव्हतं, हे त्या काठावर उभं राहून नीट समजून घे.

मढे घाट राहिला. तोही तुझ्या चालीचाच भाग आहे असं मी मानते. 1670 च्या फेब्रुवारीत तानाजी मालुसरे सिंहगडावर पडले आणि त्यांचा देह याच घाटानं खाली उमरठ्याला नेला असं परंपरा सांगते. तू सिंहगडावरून निघालीस, म्हणून ती वाट तुला दाखवायची माझी फार इच्छा आहे. केळदहून मढे घाटानं उतरायचं आणि उपांड्या घाटानं चढून परत केळदला यायचं. आत्ता नको, पाय पूर्ण भरून येऊ देत. जानेवारीत मी येते तुझ्याबरोबर. माझा वेग आता कमी झालाय, तुला थांबावं लागेल, थांबशील ना?

एक काम मात्र आत्ताच सुरू कर. एक छोटी वही घे. प्रदक्षिणेत मामा ज्या जागांची नावं सांगतील, ओढ्याची, दांडाची, एखाद्या धोंड्याची, ती त्यांच्या उच्चारात लिहून ठेव. कुठल्याही नकाशात ती नाहीत. खाली डांबरी रस्ता झाल्यापासून नाळेनं वर जाणारी माणसं उरली नाहीत, आणि ज्या वाटेनं कुणी जात नाही तिची नावं घरातल्या म्हाताऱ्यांबरोबर जातात. वाट नेटवर टाकायची असेल तर बोराट्यासारख्या जागांची नुसती रेघ टाकू नकोस. कुठे घसारा आहे, कुठे दोर हवा, पाणी कोणत्या महिन्यापर्यंत असतं हे लिहिल्याशिवाय टाकू नकोस. तुझ्या मागून येणारं पोरगं तुझ्या रेघेवर विश्वास ठेवून उतरेल.

परवा निघण्याआधी आईला फोन कर, मामांचं नाव आणि परतायची वेळ सांगून ठेव. संध्याकाळी परत आलीस की मलाही कळव. वहीतलं पहिलं पान फोटो काढून पाठव.

तुझी,
ताई