दुकान जागेवर, गूगलवरून मात्र गायब

प्रश्न : काका, दांडिया बाजारात आमचं शिवलेल्या नऊवारीचं दुकान आहे. सासूबाईंनी घरात एका मशीनवर सुरू केलं, आता पाच मशीनं आहेत. सहा वर्षांपूर्वी वेबसाइट केली. तिच्यावरून सुरत, अहमदाबाद, पार न्यू जर्सीच्या ऑर्डरी यायच्या. यंदा मार्चमध्ये भाच्याने साइट नव्याने करून दिली. दिसायला देखणी झाली, पण तेव्हापासून फोन थंडावले. आता तर दुकानाचं नाव टाकलं तरी मॅपवरचा फोटो येतो, साइट येत नाही. एक एजन्सीवाला दरमहा १५ हजारांत तीन महिन्यांत पहिला नंबर आणून द्यायची हमी देतोय. गणपती तोंडावर आलेत. द्यावेत का पैसे?
— एक भगिनी, बडोदे

उत्तर : ताई, पैसे देऊ नका. बाकीचं सावकाश वाचलंत तरी चालेल.

पत्र वाचून मी परस्पर दुकानातच येऊन धडकलो, ते तुम्हाला ठाऊक आहे. बाकीच्या वाचकांसाठी सगळं लिहितोय, तुमच्या परवानगीने आणि नाव गाळून.

'गूगलवर दिसत नाही' या एका तक्रारीच्या पोटात दोन निराळे आजार असतात. एक म्हणजे गूगलच्या दप्तरी तुमची नोंदच नसते. दुसरा म्हणजे नोंद असते, पण यादीत तुमचा नंबर फार खाली लागतो. पहिल्याला दुसऱ्याचं औषध दिलं की पैसे जातात आणि आजार तसाच राहतो. मी नोकरीभर ग्रंथालयात कॅटलॉगची कार्डं लिहिली, म्हणून मला हे पटकन दिसतं. सयाजीराव महाराजांनी १९१० साली अमेरिकेहून बॉर्डन नावाचे ग्रंथपाल बोलावून आणले आणि राज्यभर वाचनालयांची घडी बसवली. ती घडी पुस्तकांइतकीच कार्डांवर उभी होती. मांडवीच्या सेंट्रल लायब्ररीत लोखंडी रॅकवर पुस्तक नीट उभं आहे, पण त्याचं कार्ड नाही, तर मागायला आलेल्याला 'नाही' असंच उत्तर मिळायचं. तुमच्या साइटचं कार्डच हरवलं होतं.

ते कसं कळलं? कापायच्या टेबलावरचे काठांचे गठ्ठे बाजूला सारून तुमच्या मुलीने लॅपटॉप ठेवला. गूगलच्या चौकटीत इंग्रजीत 'साइट' हा शब्द, त्याला चिकटून विसर्गासारखी दोन टिंबं आणि त्यांना चिकटून साइटचा पत्ता टाकला. मध्ये मोकळी जागा सोडायची नाही. असं केलं की गूगलजवळ त्या साइटची कुठली पानं आहेत त्याचा अंदाज येतो. सत्तरएक पानांच्या साइटची चार आली. चारही जुनी, आणि उघडली तर 'पान सापडत नाही'.

हा झाला अंदाज. पक्की तपासणी सर्च कन्सोलमध्ये, म्हणजे साइटमालकांसाठी गूगलने दिलेल्या साधनात होते. ते फुकट असतं, फक्त साइट आपली आहे हे सिद्ध करावं लागतं. तुम्ही म्हणालात, आमच्याकडे असलं काही नाही. होतं! पहिल्या साइटवाल्याने ते तुमच्याच जीमेलवर जोडून दिलं होतं. गूगलची पत्रं येत होती आणि तुम्ही ती जाहिराती समजून पुसत होतात. पुसलेल्यांच्या टोपलीतलं महिनाभरातलंच काय ते उरलेलं असतं, पण तुमच्या सुदैवाने मार्चमधलं एक पत्र न उघडता तसंच इनबॉक्समध्ये पडून होतं. पानं नोंदवण्यात नवी अडचण आल्याचं त्यात स्पष्ट लिहिलेलं होतं. ते वाचून तुमच्या सासूबाई तुमच्याकडे बघून ज्या हसल्या, ते मी इथे लिहीत नाही.

कन्सोलमध्ये वरच्या पट्टीत मुख्य पानाचा पत्ता टाकला. उत्तर आलं : 'नोइंडेक्स' टॅगमुळे वगळलं आहे. म्हणजे तुमच्याच साइटने गूगलला सांगून ठेवलं होतं की आमची नोंद करू नकोस. भाच्याला फोन लावला. त्याने नवी साइट आधी तात्पुरत्या पत्त्यावर बांधली होती आणि अर्धवट काम लोकांना दिसू नये म्हणून वर्डप्रेसच्या (साइट ज्यावर बांधली त्या साधनाच्या) सेटिंग्जमध्ये, वाचनाच्या भागात, शोधयंत्रांना परावृत्त करण्याची जी चौकोनी खूण असते ती केली होती. तिथवर तो बरोबरच होता. मग साइट खऱ्या पत्त्यावर हलवली तेव्हा खूणही सामानाबरोबर आली. दुकानाचं रंगकाम संपलं, पण शटरवरची 'काम चालू, दुकान बंद' ही पाटी कोणी काढलीच नाही. पोराला बोलू नका. चांगल्या पगारी माणसांकडूनही ही चूक होते. खूण काढायला दहा सेकंद लागली.

इथे एक पोटभेद सांगतो, कारण पुष्कळ जण त्यात अडकतात. साइटच्या मुळाशी रोबोट्स डॉट टेक्स्ट नावाची छोटी फाइल असते. शोधयंत्राच्या फिरत्या कारकुनाने कुठे यायचं, कुठे नाही, ते तिच्यात लिहितात. काही लोक नोइंडेक्सही लावतात आणि या फाइलमधून वाटही अडवतात. मग गूगल आत येत नाही, आणि आत आलं नाही तर 'नोंद करू नकोस' ही आतली चिठ्ठी त्याला वाचता येत नाही. त्यामुळे ज्या पानाची नोंद नको त्याचा नुसता पत्ता, खाली वर्णन नसलेला, निकालात येऊन बसू शकतो. तुमच्या साइटवर ही फाइल ठीक होती.

पण पाटी काढल्याने निम्मंच काम झालं. नव्या साइटमध्ये पानांचे पत्ते बदललेत. पेशवाई नऊवारीचं जुनं पान पाच वर्षांत कमावलेलं होतं. एका लग्नाच्या फोटोग्राफरने आणि परदेशातल्या एका महाराष्ट्र मंडळाने आपापल्या साइटवर त्याचा दुवा दिला होता. ते सगळे आता बंद दाराशी येऊन परत जात होते. प्रत्येक जुन्या पत्त्यावरून त्याच वस्तूच्या नव्या पत्त्यावर कायमचं वळण द्यायचं. त्याला ३०१ म्हणतात. भाच्याने सोय म्हणून सगळे जुने पत्ते मुख्य पानाकडे वळवायचं ठरवलं होतं. ते मी थांबवलं. पेशवाई मागणाऱ्याला दारात उभं करून 'या, बसा' म्हणण्यात अर्थ नाही, आणि गूगलही असलं वळण बहुधा 'पान सापडत नाही' यातच धरतं. पेशवाईचं पेशवाईकडे, मस्तानीचं मस्तानीकडे, लहान मुलींच्या काष्ट्याचं तिकडे, अशी वहीत दोन रकाने पाडून मुलीने संध्याकाळपर्यंत ६२ पत्ते जुळवले. ही वळणं निदान वर्षभर ठेवा असं गूगल सांगतं. मी म्हणतो, काढूच नका.

आता देखणेपणाबद्दल. माझं मत कडू लागेल. नव्या साइटवर भाव, मापं, किती दिवसांत शिवून मिळेल, हे सगळं चित्रांवर छापलंय. बाईला दिसतं, पण अक्षर म्हणून पानात ते नाहीच. शिवाय मोबाइलवर 'मोकळं दिसावं' म्हणून साड्यांची वर्णनं उडवली आहेत. गूगल आता पानाचं मोबाइलवरचंच रूप वाचून नोंद करतं, त्यामुळे संगणकावर लिहिलेलं ते त्याच्या हिशेबी नाही. चित्रातलं साध्या मजकुरात उतरवा.

आणि तो मथळा, 'पारंपरिक महाराष्ट्रीय वस्त्रवैभव'! ताई, असं कोण शोधतं? कन्सोलमध्ये मागच्या १६ महिन्यांपर्यंतची आकडेवारी राहते, म्हणजे साइट बिघडायच्या आधीची यादी अजून होती. ती उघडली तर लोकांचे शब्द समोर आले : रेडीमेड नऊवारी, नववारी, शिवलेली काष्टा साडी, ब्राह्मणी नऊवारी, छोट्या मुलीची नऊवारी. अर्धे लोक बडोदा लिहितात, अर्धे वडोदरा. १९७४ साली सरकारी नाव बदललं, पण न्यू जर्सीच्या मावशीला ते अजून कोणी कळवलेलं नाही. दोन्ही नावं मजकुरात सहज येऊ द्या, माळ करून ओवू नका. प्रत्येक प्रकाराला स्वतंत्र पान, आणि त्या पानावर गिऱ्हाईक काउंटरवर जे विचारतं तेच लिहा. मी बसलो होतो तेवढ्या तासाभरात तीन बायकांनी एकच विचारलं : "कंबर पुढे वाढली तर सोडता येते का?" तुम्ही साडी उलटून आतली दोन इंचांची दाब आणि हुकांच्या दोन ओळी दाखवल्यात. साइटवर याबद्दल एक शब्द नाही. लिहा, आणि उलट्या बाजूचा फोटो टाका. हे तुमच्याशिवाय कोणालाही लिहिता येणार नाही, एजन्सीला तर नाहीच.

शेवटी साइटमॅप, म्हणजे साइटवरच्या सगळ्या पानांच्या पत्त्यांची यादी, कन्सोलमध्ये दिला आणि मुख्य पान धरून सहा-सात पानांसाठी नोंदीची विनंती केली. रोज ठरावीकच विनंत्या चालतात, त्यामुळे सत्तरही पानांसाठी बटण दाबत बसू नये. मुख्य पान चौथ्या दिवशी परत आलं. हा मजकूर देईपर्यंत ४१ पानं आली आहेत. काही पानं 'पाहिलं, पण तूर्त नोंदवलेलं नाही' या सदरात आहेत. तो बिघाड नाही. त्या पानांवर एकेक फोटो आणि एक ओळ आहे, गूगलला त्यात घेण्यासारखं काही वाटलं नाही. मलाही नाही.

राहिली हमी. पहिला नंबर कोणालाही हमखास देता येत नाही, हे खुद्द गूगल लिहून सांगतं. माझ्या मेहुण्यांनी २०११ साली अशाच एकाला पैसे मोजले होते. त्याने कुठल्या कुठल्या भंगार साइटींवरून शेकडो दुवे लावले. सहा महिने मेहुणे वर होते, आम्हाला शेवउसळही खाऊ घातली. एप्रिल २०१२ मध्ये गूगलने पेंग्विन नावाचा बदल आणला आणि नेमके असल्या दुव्यांवाले खाली ढकलले. मेहुण्यांची साइट खाली गेली ती गेलीच. हमी देणाऱ्याचा फोन तेव्हापासून लागत नाही.

प्रश्न : मी कारेलीबागेत घरून जेवणाचे डबे पुरवते. 'जवळचा डबा' असं मैत्रिणीने तिच्या घरून शोधलं तर मॅपवर मी दिसते, पण मांजलपूरहून नणंद शोधते तेव्हा दिसत नाही. साइट सुधारू का?

उत्तर : साइटला हात लावू नका, तिचा इथे दोष नाही. मॅपवरचे निकाल मुख्यतः तीन गोष्टींवर ठरतात : शोधाशी जुळणी, अंतर आणि तुमचं नाव किती झालेलं आहे. मांजलपूर गावाच्या दुसऱ्या टोकाला, मधे डबेवाल्या कमी आहेत का? तुमच्या गूगल मॅपवरच्या प्रोफाइलवर मात्र दोन गोष्टी खटकल्या. नावात तुम्ही 'बेस्ट घरगुती टिफिन सर्व्हिस वडोदरा' असं शेपूट जोडलंय. ते नियमाविरुद्ध आहे, कोणी तक्रार केली तर प्रोफाइल बंद पडू शकतं. दुकानाच्या पाटीवर असतं तेवढंच नाव हवं. आणि गिऱ्हाईक तुमच्या घरी येत नसेल तर घराचा पत्ता लपवून सेवेचा भाग नोंदवा. रात्री साडेदहाला बेल वाजवणारे आपोआप थांबतील.

प्रश्न : आमच्या संगीत क्लासचं नाव शोधलं की खाली जपानी अक्षरं दिसतात. आम्ही तर हार्मोनियम आणि तबला शिकवतो. साइट उघडली तर सगळं नीट आहे. गूगलचीच चूक ना?

उत्तर : नाही, साइटमध्ये चोर शिरलाय. ही जुनी आणि ओळखीची चोरी आहे. तुमच्या साइटच्या पोटात जपानी मालाच्या जाहिरातींची शेकडो पानं तयार करतात, आणि ती गूगलला दाखवून तुमच्यापासून लपवतात. म्हणून तुम्हाला सगळं आलबेल दिसतं. कन्सोलमध्ये सुरक्षेचा भाग बघा, आणि त्याआधी मालकांची यादी बघा. अनेकदा चोराने तिथे स्वतःलाच मालक म्हणून बसवलेलं असतं. त्याला यादीतून काढायचंच, पण त्याने मालकी सिद्ध करायला साइटवर ठेवलेली फाइलही शोधून काढा, नाहीतर तो परत येतो. नुसती जपानी पानं पुसत बसू नका, रोज नवी उगवतील. होस्टिंगवाल्याकडून, म्हणजे साइट ज्याच्या सर्व्हरवर ठेवली आहे त्याच्याकडून, शिरकावाच्या आधीची प्रत मिळवा, सगळे पासवर्ड बदला, वर्डप्रेस आणि त्याला जोडलेली प्लगइन नावाची जोडसाधनं ताजी करा, वापरात नसलेली काढून टाका. सुरक्षेच्या भागात गूगलने इशारा दिलेला असेल तर सफाईनंतर तिथूनच फेरतपासणी मागा. हे काम स्वतः जमणार नसेल तर जाणकाराला पैसे द्या. ताईंना नको म्हटलं, तुम्हाला द्या म्हणतोय.

प्रश्न : साइटच्या कीवर्ड टॅगमध्ये, म्हणजे पानाच्या कोडमधल्या शोधशब्दांच्या यादीत, मी २०० शब्द भरलेत. आणखी किती भरू?

उत्तर : आहेत तेही काढलेत तरी चालेल. क्रमवारीसाठी आपण तो टॅग बघत नाही असं गूगलने सप्टेंबर २००९ मध्येच जाहीर केलंय. तो आता बघतात फक्त तुमचे स्पर्धक, त्यांना यादी आयती मिळते.