एक्सपीला उबुंटूचं फोल्डर का उघडत नाही?

प्रश्न : आमच्या वाचनालयात विंडोज एक्सपीचे तीन जुने संगणक आहेत. सभासद-नोंदीचा प्रोग्रॅम एक्सपीवरच चालतो, फायली मात्र उबुंटू (लिनक्स) सर्व्हरवर असतात. उबुंटू 16.04 चा जुना सर्व्हर काढून 22.04 चा नवा बसवला, तेव्हापासून एक्सपीवर शेअर केलेलं फोल्डर उघडेना. विंडोज 10 च्या लॅपटॉपवर ते बिनतक्रार उघडतं. – एक वाचक, लोकमान्यनगर, इंदूर

उत्तर : लॅपटॉपवर उघडतंय, तेव्हा केबल आणि स्विच तपासत बसू नका. एक्सपीला एसएमबीची (नेटवर्कवर फायली शेअर करण्याची पद्धत) फक्त पहिली आवृत्ती कळते आणि साम्बाने (उबुंटूवर ही पद्धत चालवणारा प्रोग्रॅम) ती 4.11 पासून, म्हणजे 2019 पासून, आपणहून बंद ठेवली आहे. 16.04 मध्ये साम्बा 4.3 होता, 22.04 मध्ये 4.15 आहे.

सर्व्हरवर ईटीसी/साम्बा मधली एसएमबी डॉट कॉन्फ ही फाइल उघडा आणि ‘ग्लोबल’ विभागात ‘सर्व्हर मिन प्रोटोकॉल = एनटी1’ अशी ओळ घाला (फाइलमध्ये अर्थातच रोमन अक्षरांत; एनटी1 म्हणजे तीच पहिली आवृत्ती). टेस्टपार्म ही तपासणीची आज्ञा चालवून चूक नाही ना ते बघा, मग एसएमबीडी सेवा रीस्टार्ट करा. उबुंटूचा लॉगिन पासवर्ड साम्बाला चालत नाही. त्याच युजरसाठी एसएमबीपासडब्ल्यूडी या आज्ञेने वेगळा द्यावा लागतो. एक्सपीवर ‘माय नेटवर्क प्लेसेस’मध्ये शोधण्यापेक्षा ‘रन’मध्ये दोन उलटे तिरके दांडे देऊन सर्व्हरचा आयपी टाका.

इतकं करूनही पासवर्डची चौकट पुन्हापुन्हा येईल. एक्सपी जुन्या एनटीएलएम पद्धतीने पासवर्ड पाठवतो आणि साम्बा 4.5 पासून फक्त तिची सुधारित आवृत्ती, एनटीएलएमव्ही2, स्वीकारतो. इथे बरेच जण सर्व्हरचीच सुरक्षा ढिली करतात. तसं करू नका. एक्सपीच्या रजिस्ट्रीत करंट-कंट्रोल-सेटच्या कंट्रोलखाली ‘एलएसए’ आहे, त्यातल्या ‘एलएमकम्पॅटिबिलिटीलेव्हल’ची किंमत 3 करा आणि मशीन रीस्टार्ट करा, म्हणजे एक्सपीही एनटीएलएमव्ही2 नेच पासवर्ड पाठवेल.

मे 2017 मध्ये वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस पसरला तो विंडोजमधल्या याच पहिल्या आवृत्तीच्या भोकातून. म्हणून तिन्ही मशीनना ठरावीक आयपी द्या आणि ‘डिफॉल्ट गेटवे’चा रकाना कोरा सोडा, म्हणजे ती इंटरनेटवर जाणारच नाहीत. साम्बात ‘होस्ट्स अलाऊ’मध्ये (प्रवेश कोणाला, त्याची यादी) हे तीन आयपी आणि लॅपटॉपचा, एवढेच लिहा. नोंदींची रोजची प्रत दुसऱ्या डिस्कवर हवीच.

प्रश्न : शिकवणीतले सहा ड्युअल कोअर संगणक हार्डडिस्क गेल्याने पडून आहेत. ते उबुंटू सर्व्हरवरून चालतील का? – एक वाचक, सुदामानगर, इंदूर

उत्तर : चालतील, एलटीएसपी (सर्व्हरवरून नेटवर्कवाटे इतर संगणक सुरू करणारा प्रोग्रॅम) वापरून. बायोसमध्ये नेटवर्क बूट पहिलं ठेवा. डिस्क लागतच नाही. पण प्रोग्रॅम क्लायंटच्याच, म्हणजे त्या सहा संगणकांच्याच, प्रोसेसरवर आणि रॅमवर चालतात, त्यामुळे सर्व्हर दणकट घेऊन क्लायंटला 1 जीबीवर ठेवलं तर ब्राउझर रडणारच. मदरबोर्ड जी31 चिपसेटचा असेल तर कमाल 4 जीबी रॅम बसते. डीडीआर2 च्या 2 जीबीच्या दोन पट्ट्या घाला. जेल रोडवर रॅम घ्यायला जाताना जुनी पट्टी खिशात ठेवा, डीडीआर3 ची खाच वेगळ्या जागी असते.

सर्व्हरची केबल स्विचच्या गिगाबिट पोर्टलाच लावा. 100 एमबीपीएस म्हणजे सेकंदाला जेमतेम 12 एमबी. सहा मशीन एकदम सुरू झाली की तेवढ्यातच सगळ्यांची वाटणी. राउटर आयपी देत असेल तर देऊ द्या, एलटीएसपीचा डीएनएसमास्क प्रॉक्सी पद्धतीने त्याच्या शेजारी चालतो; तो आयपी देत नाही, फक्त बूटची माहिती देतो. एका जाळ्यात आयपी वाटणारे दोघे नकोत.

‘सर्व्हरवर टाकलेला प्रोग्रॅम क्लायंटवर दिसत नाही’ ही नेहमीची तक्रार. प्रत्येक बदलानंतर ‘एलटीएसपी इमेज’ (क्लायंट ज्यावरून चालतात ती प्रत) पुन्हा बनवावी लागते. नवा विद्यार्थी जोडला की ‘एलटीएसपी इनिटआरडी’ ही आज्ञा चालवा, नाहीतर बरोबर पासवर्डही नाकारला जातो.

आणि सहाही मशीनमधले सीआर2032 सेल आधीच बदला. सेल मेला की बायोसची सेटिंग पुसली जाते, नेटवर्क बूट खाली घसरतं आणि पडद्यावर ‘बूट डिव्हाइस नाही’ असं येतं.