उभी मोटरहोम, लावलेला प्लग आणि वाढलेलं बिल

प्रश्न: नमस्कार काका, आम्ही डेट्रॉइटजवळ राहतो. या उन्हाळ्यात एक जुनी मोटरहोम घेतली, 30 अँपवाली. ऑक्टोबरपासून ती ड्राइव्हवेत उभी आहे आणि बॅटऱ्या उतरू नयेत म्हणून मिस्टरांनी गॅरेजमधून एक्स्टेंशन ओढून प्लग लावून ठेवलाय. नोव्हेंबरचं बिल मागच्या नोव्हेंबरपेक्षा 240 युनिट जास्त आलं, आमचा दर सगळं धरून 20 सेंट पडतो म्हणजे 48 डॉलर झाले! मी म्हणते प्लग काढा, ते म्हणतात बॅटऱ्या गोठतील. पाणी सगळं काढून पाइपमध्ये ते गुलाबी अँटिफ्रीझ घातलंय, ओल धरू नये म्हणून आत एक छोटा हीटर लो वर आहे, बाकी काही चालू नाही. काय करावं?
– एक वाचक, मिशिगन

उत्तर: ताई, आधी ते 240 युनिट नीट फोडून बघू. तिकडे महावितरणच्या बिलात जे युनिट असतं तेच इथलं किलोवॉट-तास. महिन्याला 240 म्हणजे दिवसाला 8 युनिट, म्हणजे चोवीस तास सतत साधारण 330 वॉट ओढले जातायत. एवढं नुसत्या बॅटरीला लागतच नाही. बॅटऱ्या एकदा फुल झाल्या की गाडीतला कन्व्हर्टर (घरची वीज 12 व्होल्टची करून बॅटरी भरणारा), गॅस डिटेक्टर, रेडिओची मेमरी असं सगळं मिळून 40 वॉट धरा, त्याचे महिन्याचे 29 युनिट, म्हणजे सहा डॉलरच्या आत. उरलेले 210 तुमचा तो छोटा हीटर खातोय. लो वर असे हीटर बहुतेक 750 वॉटचे असतात, थर्मोस्टॅटवर बंद-चालू होत दिवसाचे नऊ-साडेनऊ तास जरी चालला तरी हिशोब बरोबर जुळतो.

तो हीटर आजच बंद करा, आणि हे मी पैशांसाठी सांगत नाहीये. आत माणूस नाही, बाहेर बर्फात पडलेलं एक्स्टेंशन, त्यावर तासन्तास हीटर, कुठे जोड सैल असला तर तिथे प्लग तापून वितळतो आणि कोणाला पत्ताही लागत नाही. पाणी काढलेल्या गाडीला थंडीने काही होत नाही. ओलीसाठी कॅल्शियम क्लोराइडचे डबे मिळतात ते ठेवा, गाद्या उभ्या करून ठेवा, पुरे.

आता 'बाकी काही चालू नाही' म्हणताय ते एकदा स्वतः आत जाऊन बघाच. फ्रिज ऑटोवर राहिला असेल तर प्लग लावल्या लावल्या तो गॅस सोडून विजेवर जातो आणि त्याचा एलिमेंट 300 वॉटच्या वर असतो. दुसरं म्हणजे वॉटर हीटरचा इलेक्ट्रिक स्विच, काही गाड्यांत तो बाहेरच्या झाकणामागे असतो म्हणून हमखास विसरतो. टाकी रिकामी असताना तो चालू राहिला तर एलिमेंट काही मिनिटांत जळतो.

बॅटरीचं मात्र मिस्टरांचं अर्धं बरोबर आहे. उतरलेली लेड अॅसिड बॅटरी उणे 7 सेल्सियसच्या आसपासच गोठते आणि फुटते, पण फुल चार्ज असलेली उणे 50 लाही गोठत नाही. म्हणजे ती भरलेली हवी, त्यासाठी प्लग सतत लावलेला हवा असं नाही. उलट जुन्या गाडीत सतत प्लग लावणं मला मुळीच पसंत नाही. माझ्या पहिल्या गाडीला मी अख्खा हिवाळा असाच प्लग लावून ठेवला होता, तिचा कन्व्हर्टर जुन्या पद्धतीचा, बॅटरी भरली तरी व्होल्टेज खाली आणायचाच नाही, एप्रिलमध्ये झाकणं उघडली तर आतलं पाणी आटून प्लेटा उघड्या पडलेल्या, दोन्ही बॅटऱ्या गेल्या. विजेचे वाचले असते त्याच्या कितीतरी पट तिथे गेले.

म्हणून असं करा, बॅटऱ्या फुल करा, डिस्टिल्ड वॉटर बघून घ्या, मग प्लग काढा आणि निगेटिव्ह केबल सोडवा. नुसता बॅटरी तोडणारा डिस्कनेक्ट स्विच दाबून भागत नाही, बऱ्याच गाड्यांत गॅस डिटेक्टर तरीही चालूच राहतो आणि तो हळूहळू बॅटरी पिऊन टाकतो. थंडीत बॅटरी आपोआप फार कमी उतरते. महिन्यातून एकदा मल्टिमीटर लावा, 12.6 व्होल्टच्या वर असेल तर हात लावू नका, 12.4 च्या खाली गेली तर केबल जोडून एक दिवस प्लग लावा, परत काढा. हे लेड अॅसिडचं झालं, तुमच्या जुन्या गाडीत तेच असणार. कोणी लिथियम बसवली असेल तर शून्याच्या खाली ती अजिबात चार्ज करायची नाही.

इंजिनची बॅटरी वेगळी असते हे मिस्टरांना आठवणीने सांगा. बऱ्याच मोटरहोममध्ये प्लग लावला तरी ती चार्ज होतच नाही, गाडीच्या आतले दिवे चालवणारी बॅटरीच होते, आणि मार्चमध्ये किल्ली फिरवली की काहीच होत नाही. तिला एक छोटा मेंटेनर (बॅटरी भरलेली ठेवणारा चार्जर) लावा, त्याचा महिन्याचा खर्च डॉलर-दीड डॉलरच्या वर जात नाही.

आणि माझ्या आकड्यांवर विसंबू नका, किल-अ-वॉट नावाचं छोटं मीटर मिळतं ते गॅरेजच्या सॉकेटमध्ये घालून त्यात एक्स्टेंशन लावा. प्लग काढण्याआधी हीटर बंदच ठेवून एक दिवस मोजा आणि तो आकडा नोव्हेंबरच्या दिवसाच्या 8 युनिटांशी ताडून बघा. दोन्ही आकडे दोघांनी मिळून बघा.