100 ऐवजी 125 ग्रेनचं ब्रॉडहेड (शिकारीचं पात्यांचं टोक) लावल्यावर बाण उजवीकडे जातोय. धनुष्य बदलू का?

नका बदलू. तुम्ही विस्कॉन्सिनात हरणाची शिकार करता, उजव्या हाताने मारता, कंपाउंड (चाकांचं धनुष्य) 60 पौंड ओढीचं, बाण 28 इंची 400 स्पाइनचा (स्पाइन म्हणजे दांडी किती लवते त्याचं माप). 100 ग्रेनचा फील्ड पॉइंट (सरावाचं बिनपात्याचं टोक) 30 यार्डांवर मधोमध आणि नवं ब्रॉडहेड सहा इंच उजवीकडे. यात धनुष्याचा दोष कुठेच दिसत नाही. पण दुकानातून मिळालेला "साइट (नेम धरायची खूण) सरकवा, झालं" हा सल्ला वाचला आणि लिहायला बसलो. या सल्ल्याशी माझं जुनं भांडण आहे. साइट सरकवली की 30 यार्डांवर नेम जुळतो. बाण मात्र तिरकाच उडत राहतो, 20 आणि 40 वर पुन्हा चुकतो, आणि तिरका घुसलेला बाण आपली ताकद आत शिरण्याऐवजी आडवं वळण्यात घालवतो.

400 हा आकडा टेबलावर मोजलेला आहे. 28 इंचांवर दोन टेकू, मधोमध 880 ग्रॅम वजन, दांडी 0.400 इंच लवली की 400. आकडा मोठा तेवढी दांडी मऊ. धनुष्यात मात्र दोरी मागून ढकलते, पुढचं वजन पटकन जागचं हलत नाही, आणि मधली दांडी वाकते. 25 ग्रेन म्हणजे जेमतेम 1.6 ग्रॅम, पण ते अगदी टोकाला आहेत. म्हणून तोच बाण आता मऊ वागतो. दांडी निवडायचे तक्ते बहुधा 100 ग्रेनच्या पॉइंटसाठी असतात. पुढच्या प्रत्येक 25 ग्रेनला 3 ते 5 पौंड जास्त ओढ धरून तक्ता वाचा. 60 पौंड आणि 28 इंचांना 400 तसाही काठावर असतो, त्यामुळे 125 ला तुम्ही 350 किंवा 340 च्या रकान्यात गेलात.

तुमची खरी चूक दुसरीच आहे: वजन आणि पाती एकदम बदललीत. आधी 125 ग्रेनचे फील्ड पॉइंट आणा. पिसांचे तीन बाण आणि बिनपिसाचा एक, 15 ते 20 यार्डांवरून मारा. बिनपिसाचा उजवीकडे पडला तर दांडी मऊ, डावीकडे तर कडक. कंपाउंडमध्ये हीच खूण चुकलेला रेस्ट (बाण टेकतो तो आधार) किंवा मुठीचा पीळही देतो, म्हणून रेस्ट 1/32 इंचाने सरकवून पाहा. दिशा सोपी आहे: ब्रॉडहेडकडून फील्ड पॉइंटच्या घोळक्याकडे. ब्रॉडहेड उजवीकडे पडत असेल तर रेस्ट डावीकडे, खाली पडत असेल तर वर. कंपनीने सांगितलेल्या जागेपासून 1/8 इंचापेक्षा जास्त सरकवावा लागला, तर सरकवणं थांबवा. दांडीच चुकीची आहे.

बाण दोन बोटांवर फिरवून टोक थरथरतं का तेही बघा. थरथरत असेल तर दांडीचं तोंड काटकोनात घासलेलं नाही किंवा इन्सर्ट (दांडीत टोक बसवायची नळी) वाकडा बसलाय. इन्सर्टला हॉटमेल्ट (तापवून लावायचा गोंद) वापरत असाल तर पॉइंट तापवा, कार्बन नको.

दांडी बदलणं जमत नसेल तर धनुष्याची ओढ दोन-तीन पौंडांनी उतरवा, किंवा बाण अर्धा इंच कापा. पूर्ण ताणल्यावर स्थिर पात्यांचं ब्रॉडहेड रेस्टला आणि बोटांना लागता कामा नये, एवढी लांबी राखूनच. कापायला वेगवान घासचक्र हवं, हॅकसॉने तंतू चिरतात. धूळ नाकात जाऊ देऊ नका.

आता तो "100 वरच परत जा, जड बाण हळू जातो" वाला वाद. 8.4 ग्रेन प्रति इंच दांडी धरली तर तुमचा बाण सुमारे 379 ग्रेनचा होता, आता 404. तोलबिंदू मागच्या खाचेपासून 17.35 इंचांवरून 18 वर सरकतो, म्हणजे पुढचा भार (तोलबिंदू मध्याच्या पुढे लांबीच्या किती टक्के) 12 वरून 14 टक्क्यांवर. ब्रॉडहेडला हा बरा. वेग साधारण 3 टक्के उतरतो. 265 फूट प्रतिसेकंद असेल तर 257. 30 यार्डांवर फरक सेकंदाच्या शंभराव्या भागाचा, आणि तेवढ्यासाठी लोक संवेग सोडून देतात! मी 125 च ठेवीन आणि दांडी 350 ची घेईन.

डावखुऱ्यांनी डावं-उजवं उलट वाचावं. पात्यांची रुंदी बऱ्याच राज्यांत किमान 7/8 इंच लागते, आपल्या राज्याचा नियम बघा. प्रत्येक बाण मारण्याआधी हलकेच वाकवून कान लावा. करकर ऐकू आली तर तो बाण मोडून फेका, सरावालाही ठेवू नका.