प्रश्न तुमचे : १०० वरून १२८ वर जायचं कसं?

प्रश्न : डीजे म्हणून वाजवताना चालू गाणं १०० बीपीएमचं (मिनिटाला १०० बीट म्हणजे ठोके) आहे, पुढचं १२८ चं. सिंक (दोन गाण्यांची लय आपोआप जुळवणारं बटण) दाबलं की पुढचं गाणं १०० वर येतं आणि अगदी मरगळून जातं. हा टप्पा गाठायचा कसा?

सिंकने सांगितलेलं काम केलं, पण ते काम त्याला सांगायचं नव्हतं. १२८ चं गाणं १०० वर आणणं म्हणजे ते जवळजवळ २२ टक्के मंद करणं. की-लॉकमुळे सूर जागेवर राहतो, पण ड्रमचे आघात पसरतात आणि आवाजाला पाणचट थरथर येते. गायकाचा आवाज असलेलं गाणं पाच-सहा टक्क्यांपलीकडे ताणू नये असं आमचं मत आहे. मधल्या आकड्यावर भेटूनही उपयोग नाही. ११४ वर भेटलात तर एक गाणं १४ टक्के पळतं आणि दुसरं ११ टक्के रेंगाळतं, म्हणजे दोन्ही बिघडतात.

चढायचंच असेल तर गाण्यावर चढू नका, ड्रमवर चढा. जुन्या गाण्याच्या शेवटी फक्त ड्रम वाजत असलेली जागा शोधा आणि तिथे ४ बीटचा लूप (पुन्हापुन्हा वाजणारा तुकडा) पकडा. मग दर १६ बीटला ७ बीपीएम वाढवा : १०७, ११४, १२१, १२८. एकूण ६४ बीट, म्हणजे साधारण ३४ सेकंद. या लूपवर की-लॉक बंद ठेवा. सूर चार सेमीटोनपेक्षा (अर्ध्या स्वरांपेक्षा) थोडा जास्त चढेल, पण आघात धारदार राहतील आणि चढत्या सुरामुळे पुढे काही येतंय अशी ओढ आपोआप तयार होईल.

याची तयारी आधीच करावी लागते. पिच फेडरची (वेग कमी-जास्त करणाऱ्या सरकपट्टीची) मर्यादा ±८ टक्के असेल तर २८ टक्के गाठता येणार नाहीत, म्हणून ती वाढवून ठेवा. फेडर शून्यावर असतानाच ती बदला, नाहीतर टेम्पो एकदम उडी मारतो. नवं गाणं त्याच्या मूळ १२८ वर, सिंक बंद करून, पहिल्या बीटवरच्या क्यूला (खुणेला) थांबवून ठेवा. लूप १२८ वर पोचला की नव्या डेकला (नवं गाणं वाजवणाऱ्या बाजूला) मास्टर करा, म्हणजे बाकीचे त्याच्या लयीवर चालतील, सिंक लूपच्या डेकवर दाबा आणि पुढच्या समेवर नवं गाणं सोडा. उलट केलंत, म्हणजे सिंक नव्या डेकवर आधीच चालू राहिलं, तर तेही लूपबरोबर १०० पासून रांगत वर येईल.

दुसरा मार्ग म्हणजे मिसळायचंच नाही. ओळीच्या शेवटच्या बीटवर एक बीटचा एको (प्रतिध्वनी) लावा, फीडबॅक (प्रतिध्वनी किती परततो ते प्रमाण) साठ-सत्तर टक्क्यांवर ठेवा, डेक थांबवा आणि चार बीट एको विरू द्या. मग सुरुवातीला ठेका नसलेलं किंवा थेट आवाजाने सुरू होणारं गाणं सोडा. इथे हमखास एक गोष्ट चुकते. एकोची वेळ बहुतेकदा मास्टर क्लॉकला (मास्टर डेकच्या लयीला) बांधलेली असते, त्यामुळे नवा डेक मास्टर होताच विरत चाललेला एको १२८ वर उडी मारतो आणि चिरकतो. एको पूर्ण संपेपर्यंत मास्टर बदलू देऊ नका.

तिसरा मार्ग आम्हाला सर्वांत सुंदर वाटतो आणि तो फार कमी वापरला जातो : पाऊणपट लय. १२८ ची पाऊणपट ९६. म्हणजे १०० चं गाणं फक्त ४ टक्के मंद करायचं, मग त्याचे ३ बीट आणि नव्याचे ४ बीट नेमके एकाच वेळात बसतात. जुन्याचे ३ बार (चार-चार बीटचे गट) आणि नव्याचे ४ बार एकत्र संपतात. त्याला साडेसात सेकंद लागतात, आणि तेवढाच वेळ दोन्ही एकत्र वाजू द्या. दोन्ही डेकचं सिंक बंद ठेवून आकडे हाताने लावा, कारण हे नातं सिंकला कळत नाही. जुन्या गाण्यात बासचा नॉब पूर्ण खाली हवा, नाहीतर दोन किक (ड्रमचे जड, खालचे ठोके) एकमेकींत अडकतात.

प्रश्न : खऱ्या ड्रमरने वाजवलेली जुनी रेकॉर्डिंग सिंकवर सुरुवातीला जुळतात आणि अर्ध्या मिनिटात सुटतात. सॉफ्टवेअर बदलू का?

आधी बीटग्रिड (बीट कुठे येतात ते दाखवणाऱ्या रेघा) पाहा. सिंक गाणं ऐकत नाही. गाण्यावर आखलेल्या ग्रिडच्या रेघा ते जुळवतं. १२८ च्या ठिकाणी ग्रिड १२८.१ चा असला तरी ३० सेकंदांत सुमारे २३ मिलिसेकंदांची चूक साठते आणि दोन किक वेगळ्या ऐकू येऊ लागतात. माणसाच्या हाताची लय तर कोरसला दोन-तीन बीपीएमने सहज वाढते. एकाच टेम्पोचा ग्रिड तिथे टिकणार नाही.

रेकॉर्डबॉक्स या डीजे सॉफ्टवेअरमध्ये अशा गाण्यांचं विश्लेषण ‘नॉर्मल’ऐवजी ‘डायनॅमिक’ ठेवून पुन्हा करा. सेराटोमध्ये एकाच गाण्यात अनेक बीट मार्कर लावता येतात. ट्रॅक्टरमध्ये लवचीक ग्रिड २०२४ च्या प्रो ४ पासून मिळतो. त्याआधीच्या आवृत्तीत एका गाण्याला एकच टेम्पो असतो, त्यामुळे तिथे तरी आवृत्ती बदलण्याचा विचार रास्त आहे.

आपोआप झालेल्या विश्लेषणावर मात्र विसंबू नका. मेट्रोनोमची टिकटिक चालू करा आणि पहिली सम नेमकी किकच्या सुरुवातीवर बसवा. १६ बीट पुढे जाऊन ऐका. टिकटिक जिथे सुटते तिथे, बारच्या पहिल्या बीटवर, पुढचा मार्कर लावा. अख्ख्या गाण्यासाठी हे करत बसायची गरज नसते, कारण मिक्स सुरुवातीच्या आणि शेवटच्या ६४ बीटमध्ये होतो. तेवढा भाग चोख करा आणि ग्रिडला कुलूप लावा. नाहीतर पुढच्या विश्लेषणात सगळी मेहनत पुसली जाते.

आणि हलत्या लयीचं गाणं शक्यतो मास्टर करू नका. त्याच्यामागे धावणारं स्थिर इलेक्ट्रॉनिक गाणं डुलायला लागतं, आणि ते कोणालाही लगेच कळतं. स्थिर गाणं मास्टर ठेवलं तर हलणारं त्याच्यावर बसतं. ग्रिड लावायला वेळच नसेल तर जुन्या गाण्याच्या सुरुवातीचा ४ बीटचा लूप पकडा. लूपची लांबी ठरलेली असल्यामुळे लयही ठरलेली राहते, आणि तेवढ्यात मिक्स उरकता येतो. एखादं गाणं वरचेवर लागत असेल तर एबलटन लाइव्ह या संगीत-सॉफ्टवेअरमध्ये वार्प करून (लय ताणून सरळ करून) स्थिर टेम्पोची वेगळी प्रत काढून ठेवा. पूर्ण गाण्यासाठी ‘कॉम्प्लेक्स’ मोड, नुसत्या ड्रमसाठी ‘बीट्स’. मूळ फाइल मात्र जपा.

प्रश्न : सिंक बंद करून फेडर हलवला की कधी काहीच होत नाही, कधी टेम्पो धाडकन बदलतो. कंट्रोलर बिघडला आहे का?

नाही. सिंकने पडद्यावरचा टेम्पो १२० चा १२६ केला, पण हाताखालचा फेडर शून्यावरच आहे. काही जोडण्यांमध्ये फेडर स्पर्श होताच स्वतःची जागा लादतो, म्हणून उडी बसते. सॉफ्ट टेकओव्हर चालू असेल तर फेडर +५ टक्क्यांची खूण ओलांडेपर्यंत सॉफ्टवेअर त्याच्याकडे लक्षच देत नाही. ही सोय चालू ठेवा, आणि सिंक बंद केल्यावर फेडर पडद्यावरच्या खुणेपर्यंत सावकाश नेऊन ‘पकडा’. दुसरं गाणं पूर्ण बाहेर गेल्यावरच हे करा. मग मूळ १२० वर परतायचं असेल तर ३२ बीटमध्ये थोडंथोडं उतरा. गाणं चालू असताना रीसेट बटण दाबू नका.

प्रश्न : १७४ चं गाणं ८७ दाखवतं. दुरुस्त करावं का?

ग्रिडमधलं दुपटीचं बटण दाबा, झालं. दोनपैकी कोणताही आकडा चालेल, पण संग्रहात सगळीकडे एकच पद्धत ठेवा, नाहीतर बीपीएमनुसार लावलेली यादी निरुपयोगी ठरते. १३० चं गाणं ८७ च्या आसपास दिसत असेल तर तो दोन तृतीयांशाचा घोटाळा आहे. तिथे दुप्पट-निमपट कामाची नाही. टॅप करून टेम्पो मोजा आणि ग्रिड नव्याने लावा.

प्रश्न : की-लॉक कायम चालू ठेवावं का?

की-लॉक नसताना ६ टक्के बदलाला सूर जवळपास एक सेमीटोन सरकतो. एक-दीड टक्क्याच्या फरकाला, आणि मिक्सच्या वेळी फक्त ताल वाजत असेल तर, ते बंदच बरं, कारण आघात स्वच्छ राहतात. दोन गाण्यांचे सूर एकमेकांवर येणार असतील तर चालू हवं. चालू-बंद करायचं ते आवाज सुरू होण्याआधी. मध्येच केलं तर सूर घसरलेला ऐकू येतो.

प्रोसेसरवर त्याचा भार पडतो. तीन-चार डेकवर चालू असताना खरखर किंवा तुटक आवाज आला तर ऑडिओ बफर (आवाजाचा आगाऊ साठा) १२८ वरून २५६ सॅम्पल करा. ४४.१ किलोहर्ट्झला तो ५.८ मिलिसेकंदांचा होतो. ५१२ ला ११.६, आणि स्क्रॅच करणाऱ्याला तो उशीर हाताला जाणवू शकतो. मिक्स्क्स या सॉफ्टवेअरमध्ये की-लॉकसाठी साउंडटच आणि रबर बँड असे पर्याय आहेत. रबर बँडचा आवाज चांगला, पण त्याला प्रोसेसर जास्त लागतो. संगणक जुना असेल तर साउंडटच लावा.